आधी बुद्ध, मंग डोळा

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जालन्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलेली, मी शाळेत रजेचा अर्ज टाकलेला, परतूरहून न्यायला गाडीसुद्धा सांगून ठेवलेली. आणि ऐन वेळेला आष्टीहून तिचा फोन. हॅलो नाही, कशी हाय नाही, सरळ हुकूम: "मी आधी बुद्ध बघते. मंग डोळा."

"अगं, आधी डोळा कर," मी म्हणाले. "मंग बुद्ध चांगला लख्ख दिसल."

"आन डोळा गेला तर?"

आईच्या शेजारणीचा डोळा ऑपरेशननंतर चिघळला होता. गेलाच तो. ती बाई बांधून ठेवायची पट्टी काढून चुलीपुढं बसली होती, हे आईला दहादा सांगून झालं. पण आईच्या लेखी हिशेब सरळ होता. ऑपरेशनला गेलं की डोळा जातो. म्हणून जायच्या आधी जे बघायचं ते बघून घ्यायचं.

"जेवढं दिसून राह्यलं तेवढ्यात बघते," ती म्हणाली. "मंग डॉक्टरला म्हण, कर बाबा तुला काय करायचं ते."

मी डोक्याला हात लावला. दुसरं करणार तरी काय? तारीख पुढं ढकलली, डॉक्टरांची बोलणी खाल्ली, मुख्याध्यापकांसमोर रजेचा अर्ज मागं घेताना शरमले. हे सगळं एका सहलीपायी.

बुद्ध म्हणजे हैदराबादचा. तिथं मोठ्या तलावाच्या मधोमध, पाण्यात, एका अखंड दगडाचा उंचच उंच बुद्ध उभा आहे. बोटीतून त्याच्या पायापर्यंत जाता येतं. मी कॉलेजच्या सहलीत गेल्ते तेव्हा पाहिला होता. गावातलं कुणीतरी जाऊन आलं, पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्या बायांना त्याचं वर्णन करून सांगितलं, आणि तेव्हापासून आईच्या डोक्यात तो बसला. मोबाइलवर फोटो दाखवला तर ती फोन पार नाकाला लावायची, "पांढरं पांढरं कायतरी हाय," म्हणायची आणि परत द्यायची. "फोटो नगं मला. खरा दाव."

मी म्हणत होते, आपण दोघीच रेल्वेनं जाऊ. परतूरला गाडीत बसायचं, हैदराबादला उतरायचं, बुद्ध बघायचा, परत यायचं. पण हे काकाच्या कानावर गेलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील गेल्यापासून आईचा शब्द खाली पडू देत नाही, हे खरं. पण एकटं कुठं जायचं म्हणलं की त्याच्या पोटात दुखतं. जायचं तर सगळ्यांनी. "वहिनी जाऊन राह्यल्या तर आपण काय घरी बसून माशा मारायच्या? आपलीबी राजधानी बघून होईल," तो म्हणाला. राजधानी हा त्याचा आवडता शब्द. त्याच्या आज्याच्या काळी आमचा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाखाली होता, तर अजून त्याच्या तोंडी मुंबई ही नुसती मुंबई आणि हैदराबाद ही राजधानी. आणखी एक सांगून ठेवते. हा माणूस जन्मभर कंडक्टर होता. घंटी दिली की बस हलायची. प्रवासी अर्धा दारात लटकत असला तरी हलायची. म्हणून मला वाटलं, चला, निदान वेळेवर तरी नेईल.

कसलं काय!

टेम्पो ट्रॅव्हलर ठरला. काका, काकू, त्यांच्या सुना, लेकरं, काकूची चुलत बहीण, मी, आई. भाकऱ्यांचं गाठोडं, ठेच्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचे जार. मी काकाकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं. पहाटे निघायचं, संध्याकाळी हैदराबाद, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात पहिला बुद्ध, मग गोवळकोंडा, चारमिनार, आणि रात्री परतीला लागायचं. ट्रॅव्हलरच्या मालकाला तिसऱ्या दिवशी लग्नाचं भाडं होतं, म्हणून रात्री निघणं भागच होतं.

"बुद्ध पहिला," मी म्हणाले.

"बुद्ध पहिला, बिलकुल पहिला," काका म्हणाला.

आईनं एका पिशवीत पांढरी साडी घेतली होती. वंदनेची. धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून. ती पिशवी तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही.

निघालो तेव्हा तांबडं फुटत होतं. आणि सेलू आलं नाही तोच काका ड्रायव्हरला म्हणाला, "जरा आत घे. पाच मिन्टं."

सेलूला काकूची सख्खी बहीण. आता आमच्याकडची रीत ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. ज्याला माहीत नाही त्यानं ऐकावं. आमच्यात सोयऱ्याच्या गावावरून गेलात आणि दारात पाय ठेवला नाही, तर तो गुन्हा आहे. तो माफ होत नाही. पुढच्या प्रत्येक लग्नात, मांडवात, जेवणाच्या पंगतीत तुम्हाला ऐकवतात. "आमच्या गावाहून गेल्ते म्हणं! आमचं घर दिसलं न्हाई का?" आणि आत गेलात की नुसता चहा नसतो. चहा म्हणजे पोहे, पोह्यांवर चहा, आणि मग निघताना सगळ्यांना रांगेत बसवून पुरुषांना टॉवेल-टोपी, बायांना ब्लाउजपीस. ते घ्यायला वयानं मोठी माणसं आधी, मग बाकीचे. लेकरं सुद्धा. नाही म्हणायचं नाही.

सेलूहून सुटलो तर तिथून फोन पुढं. "निघाले बघा आत्ता. पोचतीलच." म्हणजे परभणीच्या सोयऱ्यांनी गॅसवर आधण ठेवलेलं. लपून जायची सोय नाही! परभणीहून नांदेडला फोन, तिथं काकूच्या चुलत बहिणीची लेक दिलेली, तिथं वरण-भात-भाजी, लापशी. नांदेडहून देगलूरला फोन. मी काकाला म्हणाले, "काका, ही सहल हाय का सोयऱ्यांची शिरगणती?"

"अगं, वाटंवर हाय सगळं."

"रस्त्याला फाटे किती फुटून राह्यले ते बघ की!"

"तू मास्तरीण हाय म्हणून सगळ्यांना तासाची घंटी नको देऊ," तो म्हणाला, आणि गाडीतले सगळे हसले. कंडक्टर असून मला घंटीचं बोलतो! मी खिडकीकडं तोंड फिरवून बसले. आई दर घरातून निघताना एकच विचारायची, "हैदराबाद किती ऱ्हायलं आता?" आणि काका दर वेळी म्हणायचा, "आलंच की, वहिनी."

पोचलो तेव्हा अंधार पडून किती वेळ झाला होता. कसेबसे झोपलो.

सकाळी आई सगळ्यांच्या आधी तयार. पांढरी साडी नेसलेली, पदर खांद्यावरून बराबर घेतलेला, केस चापून बसवलेले. खुर्चीवर नुसती टेकली होती, साडी चुरगळायला नको म्हणून. मला एवढं बरं वाटलं की कालचा सगळा राग मी मनातल्या मनात सोडून दिला.

आणि काका आत आला. खांद्यावर नवा टॉवेल, बहुतेक परभणीचा. "आधी जरा नाष्ट्याला जायचं. पाच मिन्टं."

"कुठं?"

"माझ्या भाच्याकडं," काकू म्हणाली. "इथं बांधकामावर आल्ता मजूर म्हणून, आता सोताच्या हाताखाली माणसं हायत त्याच्या. पहाटेपासून मटन शिजवून राह्यला. त्याच्या दारी गावचं माणूस पहिल्यांदा चाललंय."

"बुद्ध पहिला म्हणला होता, काका!"

"पहिलाच. नाष्टा झाला की पहिला."

भाच्याचं घर शहराच्या पार टोकाला. आणि माझा सगळ्यात जास्त संताप कशानं झाला असेल तर या गोष्टीनं की त्याच्यावर रागावताही येईना. तो आणि त्याची बायको रस्त्यावर येऊन उभे होते, कधीपासून कोण जाणे. आईच्या पाया पडला, काकाला मिठी मारली आणि रडायलाच लागला. "माझ्या घरी आष्टीचं कोणी येईल असं वाटलंच न्हवतं," म्हणाला. घर दाखवलं. नळ सोडून दाखवला. गच्ची दाखवली. अशा माणसाला "आम्हाला उशीर होतोय" कसं म्हणायचं? मी आतल्या आत उकळत मटण खाल्लं. मटण चांगलं होतं, त्याचाही राग आला.

आईनं मटण खाल्लं नाही. "आज बुद्ध बघायचा हाय," म्हणाली. आणि बसलीही नाही.

"वहिनी, बसा की. सतरंजी नवी हाय," काका म्हणाला.

"साडी मळंल," आई म्हणाली, आणि भिंतीला न टेकता उभ्यानंच तिनं वरण-पोळीचे चार घास खाल्ले.

तिथून निघालो तर गोवळकोंडा म्हणे जवळच आहे. वाटेवर. आता वाटेवर हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. किल्ल्याच्या दारात एका ठरावीक जागी टाळी वाजवली की ती वर टोकाला ऐकू जाते, असं तिथं सगळे दाखवतात. झालं! लेकरांनी टाळ्या, सुनांनी टाळ्या, काकानं टाळ्या. मग अर्धी मंडळी वर ऐकायला गेली आणि अर्धी खाली टाळ्या वाजवत राहिली, आणि वरचे खाली येऊन म्हणाले, ऐकू आली नाही, परत वाजवा. मी आईजवळ थांबले. तिला म्हणाले, या पायरीवर बस, मी माझी ओढणी अंथरते. नाही म्हणाली. एका हातानं माझं मनगट धरून ती उन्हात उभी राहिली, आणि म्हणाली, "वाजवू दे गं. लेकरांना कुठं रोज किल्ला भेटतो." मला वाटलं, हिच्यासाठी मी भांडून राह्यले आणि हीच त्यांची वकील!

गोवळकोंड्याहून चारमिनार. चारमिनारला बांगड्या. बांगड्यांच्या गल्लीत काकूची चुलत बहीण हरवली. ती सापडली तर धाकटी सून दुसऱ्या दुकानात. मी सगळ्यांना शोधून शोधून गाडीत कोंबत होते, मेंढरं हाकावीत तशी, आणि एक आत बसवली की दुसरी उतरायची. ड्रायव्हर दाराला टेकून खुशाल केळं खात होता. सूर्य कलला होता. आई गाडीजवळ उभी. साडीला अजून एक डाग नव्हता. "आता बुद्धच ना?" तिनं मला विचारलं. हळू विचारलं, कुणाला ऐकू जाऊ नये असं. तेव्हा मला खरंच रडू आलं, रागानं.

तलावावर पोचलो तेव्हा ऊन संपत आलं होतं आणि वारा सुटला होता. धावत तिकीटखिडकीवर गेले. आतल्या माणसानं मान सुद्धा वर केली नाही. "हवा तेज है अम्मा, बोट बंद. कल सुबह आव."

आणि मग माझा बांध फुटला.

मी काकाला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सेलू काढलं, परभणी काढली, टॉवेल-टोप्या काढल्या. "जन्मभर लोकांच्या तोंडावर दार लावून बस हाकलली आन आज एक दिवस तुला बस हलवता येईना!" म्हणाले. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. काकू म्हणाली, "मोठ्या माणसाला असं बोलतेत का?" मी म्हणाले, "मोठ्या माणसानं मोठ्या माणसावानी वागावं!" सुना लेकरांना घेऊन बाजूला सरकल्या. काकाचं तोंड एवढंसं झालं. "आता गाडी थांबवता येत न्हाई गं, उद्या लग्नाचं भाडं हाय तिचं," तो म्हणाला. "मी काय मुद्दाम केलं का? वहिनींसाठीच तर आल्तो ना मी."

"इथूनबी दिसून राह्यला की," काकू मध्येच म्हणाली. "एवढा मोठा तर हाय. जाऊबाई, ते बघा, तिकडं. दिसला का?"

सगळ्यांनी एकदम हात केले. तिकडं, वहिनी. पाण्याच्या मधी. ते पांढरं. लेकरांनी सुद्धा बोटं दाखवली. आई कठड्याजवळ गेली. पदर सारखा केला, हात जोडले, डोळे बारीक केले, आणि किती तरी वेळ समोर बघत राहिली. ओठ हलत होते. मग वळून म्हणाली, "दिसला."

"बराबर दिसला ना?" काका.

"दिसला की, भाऊजी. कसा शांत मांडी घालून बसून राह्यला."

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. काकानं नव्या टॉवेलनं डोळे पुसले. "झालं की मंग!" काकू म्हणाली. "उगं भांडलो." आणि सगळे गाडीकडं निघाले, चला चला, उशीर झाला, म्हणत.

मी तिथंच उभी राहिले. आमच्या घरी टीव्हीच्या वर बुद्धाची तसबीर आहे, मांडी घालून बसलेल्या. विहारातला बुद्धही बसलेला. आईनं जन्मात बुद्ध पाहिला तो बसलेलाच. आणि समोर पाण्यात तो उभा होता. ताठ, उंच, उभा.

बाकीच्यांच्या लक्षात आलं की नाही, मला आजही माहीत नाही. घाईत होते सगळे. मी गाडीत चढले, सीटखालून माझी आणि आईची पिशवी ओढून काढली आणि खाली उतरले.

"हे काय?" काका म्हणाला.

"आम्ही दोघी ऱ्हातो. उद्या रेल्वेनं येतो."

"अगं पण कशाला? वहिनींना दिसला ना?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आईही बघत होती, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं.

"मला न्हाई दिसला," मी म्हणाले.

काका गाडीत चढला, उरलेल्या भाकऱ्या आणि चटणीचा डबा आणून माझ्या हातात दिला, आणि त्यावर एक टॉवेलही ठेवला. "रातचं एकल्या बायांनी बाहेर फिरू नका. पोचलं की फोन कर," म्हणाला. मग गाडीच्या दारात उभा राहून त्यानं पत्र्यावर दोनदा थाप मारली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा गाडी लगेच हलली.

आई लॉजवर जाईपर्यंत मला बोलत होती. "लोकांसमोर चुलत्याला असं बोलतेत व्हय? शिकलेली म्हणून का? कसं तोंड झालं होतं त्याचं! मला दिसला म्हणलं तरी तुझं आपलं चालूच. कुणावर गेलीस काय माहीत." मी म्हणाले, "तुझ्यावर." मग तिनं साडीचा खालचा काठ खळबळून धुतला, पंख्याखाली वाळत घातला आणि झोपून गेली.

सकाळी वारा पडला होता. बोटीत आम्ही दोघी, एक नवं जोडपं आणि एका शाळेची मुलं. आई मधल्या फळीवर बसली, आता साडीची फिकीर न करता, दोन्ही हातांनी माझं मनगट आवळून. बोट हलली की ती पुटपुटायची, बहुतेक त्रिशरण. ऊन आमच्या पाठीवर होतं. पलीकडं निळं आभाळ, आणि त्यात तो पांढरा.

कुठं बघ, काय बघ, काही सांगितलं नाही. बोट जवळ जवळ जात होती आणि आईची मान हळूहळू वर, आणखी वर जात होती. मग तिची पकड एकदम सैल झाली.

"अगं," ती म्हणाली. "अगं बाई! हा तर उभा हाय!"

शाळेची मुलं वळून बघायला लागली.

"उभा हाय गं! केवढा उंच! कवाचा उभा असल असा?" ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मोतीबिंदूचं की कशाचं. बोट पायापाशी लागली. उतरल्यावर तिनं त्या दगडाला डोकं टेकलं, आणि परत मान वर करून बघितलं, परत हसली.

मला राहवलं नाही. "मंग काल दिसला म्हणून का म्हणलीस?"

"तुमचं भांडण मिटंना," ती म्हणाली. "भाऊजी पार रडकुंडीला आल्ते. सणासुदीला एका ताटात जेवणारी माणसं तुम्ही, रस्त्यावर भांडून राह्यले. कुणीतरी मिटवायला पाहिजे होतं. मंग म्हणलं, दिसला."

"आन मी ऱ्हायले नसते तर?"

आईनं पदरानं डोळे पुसले, आणि परत एकदा वर बघून घेतलं, घाई नसल्यासारखं.

"तर मंग," ती म्हणाली, "माझ्यापुरता तो बसलेलाच ऱ्हायला असता."